काळ्या रात्री काळा बेडूक

दिवाळीसाठी काहीतरी उजेडाचे लिहा, असे संपादकांचे पत्र आले आणि आम्ही हा अंधाराचा विषय घेऊन बसलो आहो. तसे पाहिले तर यात वावगे काहीच नाही. लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येचीच असते. बाहेर मिट्ट काळोख असतो म्हणून तर पणतीला मान. आता विषय माशांचा आहे हे ऐकून ज्या घरांत फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडला असेल तिथे कुणी नाक मुरडील, तर त्यांना आम्ही आधीच सांगून टाकतो की या लेखात मासे पुष्कळ धरले जाणार आहेत, पण खाल्ला जाणार आहे तो एकच. आणि तोही १९३२ साली, परक्या मुलखात. तेव्हा चकली खाली ठेवण्याचे कारण नाही.

या माशाचे नाव बास. आपल्याकडे पानात वाढताना 'बास' म्हटले की वाढणारा थांबतो. अमेरिकेत 'बास' म्हटले की माणूस उठतो, डबे भरतो, बोट गाडीला जोडतो आणि दोन-दोन दिवस घरी परतत नाही. तिथल्या गोड्या पाण्यातला हा हिरवट रंगाचा मासा. अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत काळपट पट्टा आणि तोंड एवढे मोठे की मिटलेल्या जबड्याचे टोक डोळ्याच्याही मागे जाते. खाण्याच्या बाबतीत त्याला विधिनिषेध नाही. लहान मासे, झिंगे, बेडूक, पाण्यात पडलेला उंदीर, वेळप्रसंगी बदकाचे पिल्लूसुद्धा. तो पाठलाग फारसा करीत नाही. पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो. आपल्याकडच्या काही सार्वजनिक कार्यकर्त्यांची आठवण व्हावी असे हे वर्तन आहे; पण सणासुदीला तो विषय नको.

आमच्या पुतण्याचे बिऱ्हाड मिशिगन राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, कॅलामाझू नावाच्या गावाजवळ आहे. तो तिथे औषधांच्या कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ आहे. एका उन्हाळ्यात वहिनींच्या सोबतीला म्हणून आम्ही तिकडे गेलो आणि महिनाभर राहिलो. घरापासून हाकेच्या अंतरावर तळे. तळे कसले, निम्मे कमळांच्या पानांनी झाकलेले आणि उरलेल्या निम्म्यात पाण्याखाली दाट शेवाळी रान. शेजारी एक वृद्ध गृहस्थ, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. पुतण्याचा बारा वर्षांचा मुलगा त्यांचा पट्टशिष्य. ही विद्या आम्हाला मिळाली ती या दोघांकडून.

तो मुलूखच या विद्येचे माहेरघर म्हणावा असा आहे. कॅलामाझूलाच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम शेक्सपिअर नावाचा माणूस राहत होता. नाटके लिहिणारा नव्हे. याने गळाचा दोरा रिळावर एका जागी न साचता आपोआप सारखा गुंडाळला जाईल अशी युक्ती काढली आणि १८९७ साली कारखाना घातला. थोडे पलीकडे डोवाजिॲक. तिथे जेम्स हेडन नावाचे गृहस्थ गिरणीच्या तळ्याकाठी चाकूने लाकूड तासत बसले होते. तासलेला तुकडा सहज पाण्यात भिरकावला, तर खालून बासने उसळी मारून त्यावर झडप घातली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, हेडनांनी लाकडाचे बेडूक कोरले हे खरे आणि त्यातून पुढे मोठा धंदा उभा राहिला हेही खरे. त्याच भागात पॉ पॉ नावाचे गाव आहे. तिथे १९०८च्या सुमारास निघालेल्या कंपनीचे नावच 'मूनलाइट' होते. रात्री मासे धरणाऱ्यांसाठी अंधारात चकाकणारे लाकडी आमिष ही तिची खासियत.

आमिष म्हणजे गांडूळ किंवा कणकेची गोळी असे आपल्याला वाटते. कोकणात गरवायला जाणारा माणूस खाडीच्या काठी कोळंबीचा तुकडा गळाला टोचतो, मुंबईतल्या तळ्यावर बसणारा शौकीन पिठाचा लगदा वापरतो. ते खरे खाणे असते. माशाची फसवणूक होते ती फक्त आत दडलेल्या काट्यापुरती. बासच्या मागे लागलेल्या लोकांनी मात्र खोट्या आमिषाचे, त्यांच्या भाषेत ल्यूरचे, मोठे शास्त्र उभारले आहे. लाकूड, रबर, प्लॅस्टिक, पत्रा, पिसे, काय वाटेल ते. खाण्याजोगे मात्र त्यात काही नाही. दुकानात भिंतीच्या भिंती या वस्तूंनी भरलेल्या असतात. रंग इतके की पैठणीच्या दुकानदाराने हात टेकावेत. बहुतेक आमिषे मासे पकडण्याआधी गिऱ्हाईक पकडतात, असे आमचे सुतारगुरुजी म्हणत. रात्रीच्या डब्यात त्यांनी एकच रंग ठेवला होता. काळा.

इथे आम्ही अडलो. काळी रात्र, काळे पाणी आणि त्यात काळा बेडूक? मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही वरून पाहताय. मासा खालून पाहतो."

एवढ्या एका वाक्यात सगळे आले. रात्र कितीही काळी असली तरी आकाश पाण्याइतके काळे कधीच नसते. चांदण्यांचा, दूरच्या दिव्यांचा, ढगांवरून परतलेला असा काही ना काही उजेड वर असतोच. खालून वर पाहणाऱ्याला त्या फिकट पडद्यावर काळी वस्तू ठसठशीत दिसते; पांढरी किंवा पिवळी वस्तू मात्र त्या फिकटपणात मिसळून जाते. रंगांचा तर प्रश्नच नाही. अंधुक उजेडात रंग ओळखणारी डोळ्यातली यंत्रणा स्वस्थ बसते आणि उरतो तो नुसता उजेड-सावलीचा भेद. माशाचे तेच आणि आपलेही तेच. दिव्याच्या उजेडात साडी घेऊ नये हे आमच्या आईने सांगितलेले सूत्र आणि रात्री रंगीत आमिष घेऊ नये हे गुरुजींचे सूत्र, दोन्हींच्या बुडाशी एकच शास्त्र आहे. मग पॉ पॉच्या कंपनीने चकाकणारे आमिष विकले ते काय वेडेपणाने? तसेही नाही. तेही लागत असणारच. भुकेला बास पुष्कळ गोष्टी चालवून घेतो. पण चकाकणारी वस्तू बोटीतल्या माणसाला दिसते आणि बरे वाटते, हा त्यातला मोठा गुण असावा असा आमचा तर्क आहे.

डोळ्यांखेरीज बासपाशी आणखी एक इंद्रिय आहे. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत खवल्यांमधून एक बारीक रेघ गेलेली दिसते. बाजारात मासा निवडणाऱ्या भगिनींनी ती शेकडो वेळा पाहिली असेल. ती नुसती नक्षी नव्हे. त्या रेघेत सूक्ष्म छिद्रे असतात, आत केसांसारख्या तंतूंच्या पेशी असतात आणि जवळपास पाणी जरा हलले तरी त्या पेशींना कळते. दिवसा बासची मदार डोळ्यांवर. रात्री नजरेचा पल्ला आखडला की ही रेघ कामाला येते. म्हणून रात्रीच्या आमिषाने पाणी ढवळले पाहिजे, आवाज केला पाहिजे आणि, हे फार महत्त्वाचे, एकाच चालीने सरकत राहिले पाहिजे. दिवसा आमिषाला झटके द्यायचे, थांबवायचे, पुन्हा पळवायचे, असे खेळ चालतात. रात्री तसे केले तर मासा चाचपडतो आणि झडप चुकते. बैलगाडीच्या घुंगरांसारखा सारखा ठेका हवा. मग अंधारातही गाडी कुठे आली ते कळते.

पण हे सगळे रात्रीच कशासाठी? उन्हाळ्यात मिशिगनच्या त्या भागात सूर्य मावळायला सव्वानऊ होतात. दिवसभर तळ्यावर मोटारबोटींचा धिंगाणा, पाणी तापलेले. बास खोल सावलीत अंग चोरून बसतो. अंधार पडला, बोटी थांबल्या की तो कडेला, उथळ पाण्यात चरायला येतो. शेवाळाच्या रानाचाही यात हात असतो. दिवसा उन्हात त्या वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात. रात्री सोडणे बंद होते आणि त्याही तो वापरू लागतात. दाट रानाच्या पोटात पहाटेच्या सुमारास चांगलीच घुसमट होते. तेव्हा रात्री मासा शोधायचा तो रानाच्या मध्यभागी नव्हे, तर त्याच्या बांधावर, पानांमधल्या मोकळ्या डोहात आणि वाटांवर.

या रानातल्या एका वनस्पतीशी आपले नाते आहे. हायड्रिला नावाचे पाणशेवाळ आपल्याकडच्या तळ्यांतून, कालव्यांतून रग्गड आढळते. काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्यांची शोभा म्हणून ते १९५०नंतरच्या दशकात आशियातून फ्लोरिडात गेले, तिथून मोकाट सुटले आणि आज अमेरिकेतल्या सगळ्यांत उपद्रवी पाणवनस्पतींत त्याची गणना होते. मिशिगनमध्ये ते प्रथम सापडले २०२३ साली, बेरिअन स्प्रिंग्ज इथल्या तळ्यांत, म्हणजे आमच्या पुतण्याच्याच मुलखाच्या कोपऱ्यात. तिकडची जलपर्णी मात्र मूळची दक्षिण अमेरिकेतली आणि ती आपल्या पवई तलावाच्या उरावर बसली आहे. देवाणघेवाण म्हणतात ती ही. एका तळ्यातून बोट काढली की तिचे पाणी काढून टाकायचे, तिला चिकटलेला पाला झाडायचा आणि मगच हमरस्त्याला लागायचे, असा मिशिगनमध्ये २०१९पासून कायदाच आहे. गुरुजी रात्री बारा वाजता विजेरी घेऊन बोटीच्या बुडाखाली वाकत आणि एकेक तंतू वेचीत. ते तांदूळ निवडल्यासारखे वेचणे पाहून वहिनींचे त्यांच्याविषयी मत चांगले झाले.

एरवी वहिनींचा या प्रकाराला कडवा विरोध. कारण ही मंडळी मासा धरतात, मोजतात आणि सोडून देतात. १९७२ साली रे स्कॉट नावाच्या गृहस्थांनी आपल्या संस्थेच्या स्पर्धांत मासे जिवंत सोडण्याची चळवळ सुरू केली, तेव्हापासून बास सोडून देणे हाच तिकडे शिष्टाचार होऊन बसला आहे. वहिनी म्हणाल्या, "खायचा असेल तर पकडा, मी काही बोलणार नाही. ज्याचे त्याचे अन्न. पण सोडायचाच आहे तर त्याच्या तोंडात काटा घालता कशाला?" पुतण्याने हा प्रश्न भीत भीत भाषांतर करून गुरुजींपुढे ठेवला. गुरुजींनी रागावून उत्तर दिले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वर्षे विचारीत आलो आहे. मग त्यांनी १९५०च्या कायद्याची माहिती दिली. मिशिगनचेच जॉन डिंगेल आणि कोलोरॅडोचे जॉन्सन यांच्या नावाने तो ओळखला जातो. गळ, काठ्या, आमिषे यांवर कर बसतो आणि तो पैसा परवान्यांच्या पैशाबरोबर तळी आणि मासे राखण्याच्याच कामी जातो. माहिती खरी आहे आणि मोलाचीही आहे. पण हे वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, हे वहिनींनाही कळले आणि गुरुजींनाही. आम्ही त्या वादात निम्मे वहिनींच्या बाजूला आहो आणि निम्मे बोटीत.

आता डबा उघडू.

पहिले आमिष जिटरबग. ओहायोतल्या ॲक्रन गावच्या फ्रेड आर्बोगास्ट यांनी १९३०नंतरच्या दशकाच्या अखेरीस काढलेले. जिटरबग हे त्या काळच्या एका धांगडधिंगा नाचाचे नाव. सुपारीएवढ्या नव्हे, चांगल्या आवळकाठी-भवऱ्याएवढ्या अंगाला पुढे धातूचे रुंद, दोन वाट्या जोडल्यासारखे ओठ. ओढू लागले की ते पाण्यावर डावीउजवीकडे डुलत चालते आणि चुळा भरल्यासारखा 'गुळुप्-गुळुप्' आवाज करते. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा ओठ प्लॅस्टिकचे झाले. ते प्लॅस्टिकवाले नग आता हौशी संग्राहक जपून ठेवतात. रात्रीसाठी याच्यासारखी सारख्या ठेक्याची वस्तू दुसरी नाही. वैगुण्य एकच. याला खाली तीन-तीन काट्यांचे दोन गळ लोंबतात. शेवाळात टाकले की मासा येण्याआधी पेंढी येते. म्हणून जिटरबग फक्त मोकळ्या डोहासाठी आणि रानाच्या बाहेरच्या बांधासाठी. शिवाय अंधारात तिहेरी गळ ही माणसालाही धोक्याची गोष्ट. गुरुजींच्या डाव्या अंगठ्यापाशी जुना व्रण आहे. त्यांनी आपल्या जिटरबगचे तिहेरी गळ काढून तिथे एकेरी बसवले होते आणि त्यांची उलटी नखी पकडीने दाबून सपाट केली होती. मासे निसटतात थोडे. निसटोत.

दुसरा आमचा कथानायक बेडूक. हा रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकचा, आतून पोकळ, मागे पायांऐवजी दोऱ्यांची झिपरी. दोन काट्यांचा गळ पोटातून निघून पाठीला दोन्ही बाजूंनी चिकटून बसलेला, टोके वर. त्यामुळे कमळाच्या पानांवरून, शेवाळाच्या गालिच्यावरून तो खुशाल घसरत जातो, कुठे अडकत नाही. बासने तोंडात दाबला की पोकळ अंग चपटे होते आणि काटे उघडे पडतात. पानावर टाकावा, क्षणभर बसू द्यावा, मग हळूच पाण्यात उतरवावा. त्यानंतर जे होते ते कानांनीच ऐकायचे. विहिरीत कुणी धोंडा टाकावा तसा आवाज होतो आणि नवशिका माणूस दचकून काठीला हिसका देतो. तिथेच घोटाळा. आवाज झाला म्हणजे मासा लागला असे नव्हे. अंधारात त्याचा नेम निम्मा वेळ चुकतो. हिसका दिला की बेडूक बंदुकीच्या गोळीसारखा आपल्याच तोंडावर येतो. आवाजाकडे दुर्लक्ष करून दोऱ्यावर वजन जाणवेपर्यंत थांबायचे. सांगायला दोन सेकंद, पण त्या दोन सेकंदांसाठी लोक वर्षानुवर्षे तळ्यावर जातात.

फिरकीचे आमिष तिसरे. तारेच्या वाकड्या हाताला टोकाशी पत्र्याचे एकच गोल, खोलगट पान, खाली काळी झालर आणि एकेरी गळ. ओढले की पान फिरते आणि काठीच्या मुठीपर्यंत 'ठक् ठक्' कळते. पुढची तार शेवाळ बाजूला सारते. आभाळ भरले असेल, वाऱ्याने पाण्यावर लाटा असतील आणि बेडकाचा आवाज त्यात बुडून जाईल अशा रात्री हे आमिष पाण्याखालून हळू ओढावे. याविषयी एवढे पुरे. गुणी वस्तू, पण तिच्यावर कुणी प्रेम करील असे वाटत नाही.

आणि चौथे प्लॅस्टिकचे गांडूळ. याची जन्मकथा गृहिणींनी वाचण्याजोगी आहे. ॲक्रन गावातच निक क्रीम या गृहस्थांनी आणि त्यांच्या पत्नीने १९४९ साली स्वयंपाकघरातल्या शेगडीवर प्लॅस्टिकचे द्रव्य शिजवून, साच्यात ओतून मऊ गांडुळे केली. आमच्या घरात असा प्रयोग झाला असता तर तो पहिला आणि शेवटचा ठरला असता. गळाचे टोक गांडुळाच्या अंगातच खुपसून झाकायचे, पुढे बंदुकीच्या गोळीसारखे छोटे वजन ओवायचे आणि शेवाळाच्या बाहेरच्या उताराला तळाशी अगदी सावकाश ओढायचे. अडकत नाही, मऊ लागते, खरे वाटते. आणि खरे वाटते हीच त्याची अडचण आहे. लाकडी किंवा टणक वस्तू माशाला पटकन नकोशी होते, तोवर गळ ओठात रुतलेला असतो. मऊ गांडूळ तो गिळू लागतो. वरचा माणूस क्षणभर उशिरा जागा झाला तर काटा घशात.

तसेच झाले. जुलैतली रात्र, अकराचा सुमार. बेडकाला काही लागेना म्हणून मुलाने गांडूळ लावले होते. काठी वाकली, बरीच ओढाताण झाली आणि जाळीत मासा आला तो एकोणीस इंचांचा. त्याच्या आजवरच्या माशांत सर्वांत मोठा. विजेरी लावली तर कल्ल्यातून रक्त येत होते आणि दोरा सरळ घशात गेलेला. मुलगा एकदम गप्प झाला. गुरुजींनी मासा पाण्यातच धरून तोंडात पाहिले आणि म्हणाले, गळ ओढून काढला तर नक्की मरेल. दोरा कापून सोडला तर कदाचित जगेल. पाणी तापलेले आहे, दमलाही आहे, म्हणून कदाचित. कायद्याने चौदा इंचांच्या वरचा मासा घरी नेता येतो. नेऊन खाल्लास तर त्यातही लाज नाही. मासा तुझा आहे, तू ठरव.

बारा वर्षांच्या पोराला हे ठरवायला सांगणे आम्हाला कठोर वाटले. पुतण्याही काही बोलणार होता, पण बोलला नाही. मुलाने विचारले, "जगेल का नाही ते सांगा ना." गुरुजी म्हणाले, सांगता येत नाही. मग मुलाने स्वतःच कातरीने दोरा कापला. मासा काही वेळ कुशीवर पडून राहिला, मग सरळ झाला आणि कमळांच्या देठांत शिरला. त्या रात्री पुढे कुणी आमिष टाकले नाही.

सकाळी सहाला मुलगा एकटाच तळ्याभोवती फेरी मारून आला. पालथा पडलेला मासा कुठे दिसला नाही. पण तळ्यात कासवे आहेत, काठावर बगळे आहेत, तेव्हा न दिसण्याला फारसा अर्थ नाही, हे त्याचे त्यालाच ठाऊक होते. वहिनींना रात्रीच सगळे कळले होते. आम्हाला वाटले, आता त्या आपला प्रश्न पुन्हा विचारणार. त्यांनी त्याला काही विचारले नाही. गरम थालीपीठ वाढले आणि वर लोण्याचा गोळा ठेवला. न्याहारी झाल्यावर पोराने डब्यातली गांडुळे काढून गुरुजींना परत दिली आणि खाऊच्या पैशांतून दुसरा काळा बेडूक आणला. बेडूक लागला तर बहुधा ओठात लागतो. रात्रीच्या आमिषांची निवड म्हणताना दुकानदार हा मुद्दा सांगत नाहीत. आम्हाला तोच सर्वांत मोठा वाटला.

वजनाविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. गांडुळापुढे ओवायचे ते वजन पूर्वी सर्रास शिशाचे असे. शेवाळात अडकून दोरा तुटला की ते तळाशी राहते. लून नावाचा पाणपक्षी अन्न दळण्यासाठी तळाचे खडे गिळतो, त्यांबरोबर शिसेही जाते आणि विषबाधेने पक्षी मरतो. न्यू हॅम्पशायर राज्याने २०००पासून अशा लहान शिशांवर बंदी घातली. टंगस्टनचे वजन महाग पडते खरे. पण काटकसर करायची तर आमिषांच्या संख्येत करावी.

संख्येवरून आठवले. जगातल्या सर्वांत मोठ्या बासचा विक्रम जॉर्ज पेरी या जॉर्जिया राज्यातल्या शेतकऱ्याच्या पोराचा. २ जून १९३२ला पाऊस लागून शेतीकाम अडले म्हणून तो मित्राबरोबर माँटगोमेरी तळ्यावर गेला. दोघांत मिळून आमिष एकच होते म्हणतात. त्याला लागलेला मासा २२ पौंड ४ औंस, म्हणजे १० किलोंहून थोडा जास्त. वजन करून झाल्यावर पेरीने तो घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. मंदीचे दिवस होते. हाच तो लेखाच्या आरंभी कबूल केलेला मासा. हा विक्रम सत्त्याहत्तर वर्षे टिकला. २ जुलै २००९ला जपानमधल्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना लागलेला बास औंसभर जास्त भरला. पण विक्रम मोडायला फरक दोन औंसांचा हवा असा नियम असल्यामुळे दोघेही बरोबरीचे धरले गेले. कुरितांनी भिंतभर आमिषांतले एकही वापरले नव्हते. त्यांच्या गळाला जिवंत मासोळी होती.

आपल्याकडे बास नाही, पण त्याचा भाऊबंद शोभेल असा मरळ आहे. शेवाळलेली तळी, कमळांची पाने, दबा धरून बसणे, बेडकावर जीव, सगळे तेच. वर येऊन हवा घेण्याची सवय ही त्याची जादा. खेड्यापाड्यांत मरळ धरायला जिवंत बेडूक गळाला टोचण्याची रीत जुनी आहे, आणि ती पाहवत नाही. पोकळ रबरी बेडूक तिथेही चालतो आणि अलीकडे आपल्याकडच्या दुकानांतूनही मिळतो. आमच्या पुतण्याच्या मुलाचे मोठ्या अक्षरांतले मराठी पत्र गेल्या महिन्यात आले. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत रात्री मरळ लागतो का आणि काळा बेडूक चालतो का, असे त्याने विचारले आहे. आम्हाला उत्तर ठाऊक नाही. पावसाळ्यात मरळाची जोडी आपल्या तांबूस पिल्लांच्या थव्याची राखण करीत असते, तेव्हा त्यांच्यावर आमिष टाकू नये. पिल्ले उघडी पडतात. एवढे मात्र आम्ही त्याला कळवले आहे. बाकीचे विदर्भातल्या कुणा जाणत्या वाचकाने आम्हाला कळवावे. पत्रात बेडूक कोणत्या रंगाचा होता, चांदणे होते की नव्हते आणि मासा ओठात लागला की घशात, हे आवर्जून लिहावे. आणि नवा बेडूक घेतलाच असेल, तर दहा-बारा वेळा टाकून झाला की पोट दाबून आतले पाणी काढावे. पाणी भरलेला बेडूक बुडतो, आणि बुडालेला बेडूक मरळही खात नाही.